तुलूजच्या किल्ल्या

मेलानी: मग एलोदीला आज गाऊ दिलंतच कशाला, काकू? रंगपटात कपडे चढवताना पोरीच्या अंगाचा चटका बसत होता मला.

फिलोमेन: मी कोण देणारी? मॅनेजरच्या पाया पडायची तेवढी राहिले. म्हणाला, तिसरी परीक्षा आजच, नाहीतर दुसरी बाई बोलावतो. मध चाटवला, बदकाची चरबी गळ्याला चोळली. बाजारात सॉसेज विकणारी बाई मी, लेकीच्या घशात शिरून गाऊ का?

मेलानी: पहिल्या दोन रात्री तर निभावल्या तिनं.

फिलोमेन: निभावल्या म्हणून काय? नव्या गाणारीनं तीन रात्री गाऊन दाखवायचं, आणि तिसऱ्या रात्री लोकांनी नापसंतीची शीळ घातली की गाठोडं बांधायचं आणि गाव सोडायचं. मग दुसरं शहर, दुसरी मंडळी. हे तुलूज आहे बाई, तुझं पॅरिस नव्हे.

मेलानी: आमचं पॅरिस बरं त्यापेक्षा. टाळ्या वाजवायला भाड्याची माणसं बसवतात. कुणाचं वाईट होत नाही.

फिलोमेन: कौतुक पुरे. हाच ऑपेरा तुमच्या पॅरिसनं पहिल्या रात्री हसून पाडला. का, तर शेवटच्या अंकात होडी करकरली. रचणारा बिचारा त्याच हिवाळ्यात गेला. मग एक फाटकी मंडळी तो इथं घेऊन आली. मी तेव्हा आईच्या मांडीवर. वरच्या गॅलरीतल्या धोबिणींनी, खाटकांनी उचलला त्याला, म्हणून जगला. आता एक हंगाम त्याच्यावाचून जात नाही.

मेलानी: आहे काय एवढं त्यात? पोरगी धक्क्यावर उभी राहून होडीला हाक मारते आणि होडी वळत नाही.

फिलोमेन: वळत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तरी दर वेळी श्वास रोखून धरतात. माझी आई गेली तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आठवड्यानं इथं येऊन बसले, आणि त्या हाकेला रडले.

मेलानी: खोटं कशाला बोलू, मीही श्वास धरते. इथं विंगेतून होडी ओढणारे दोघे दिसतात, तरी धरते. काकू, वर बसलेली सगळी तुमचीच माणसं ना? जाऊन सांगा, शीळ घालायच्या त्या किल्ल्या आज खिशात राहू द्या म्हणावं.

फिलोमेन: गेले होते मघाच्या मध्यंतरात.

मेलानी: आणि?

फिलोमेन: तोंड उघडणार, तर सरकून बाकावर जागा केली मला. म्हणाले, "फिलोमेन, काळजी करू नको. तुझी लेक म्हणून सूट देणार नाही. तुझी मान खाली जाऊ देणार नाही." किती मायेनं म्हणाले गं.

मेलानी: मग तुम्ही काय म्हणालात?

फिलोमेन: काय म्हणणार? बरं म्हणाले. घराच्या पोकळ किल्लीत फुंकून शीळ घालायची, तर या गावात माझ्याइतकी तिखट कुणाची निघत नाही. मी कुठल्या तोंडानं दया मागू?

मेलानी: आली ती हाकेची जागा. एलोदी पुढे सरकली.

फिलोमेन: गप.

मेलानी: हात सोडा, काकू, नखं रुतताहेत.

फिलोमेन: वरच्या सुराला जा, बाळ. वर जा.

मेलानी: तुटला सूर.

फिलोमेन: कळतंय. बहिरी नाही मी.

मेलानी: थांबा. हे कोण गुणगुणतंय? वरून येतंय. सगळी गॅलरी, काकू. तिचा सूर त्यांनी उचलून नेला. ती जाडी खाटकीण बघा, एप्रनला डोळे पुसतेय. वाचली तुमची लेक.

फिलोमेन: ते धक्क्यावरच्या पोरीसाठी रडताहेत. माझ्या पोरीचा निकाल अजून व्हायचाय.

मेलानी: एवढं रडल्यावर कुणी शीळ घालतं का?

फिलोमेन: मी घातली आहे. डोळेसुद्धा न पुसता.

(पडदा पडतो. मॅनेजर पुढे जाऊन लोकांचा कौल मागतो. मग वरून एक शीळ, तिच्यामागे पुष्कळ.)

मेलानी: पहिली कुणी घातली? जळो तिचं तोंड.

फिलोमेन: शिव्या देऊ नकोस. माझी धाकटी बहीण आहे ती. तिच्या किल्लीचं भोक मोठं, म्हणून आवाज जाडा येतो. चुकलं नाही तिचं. सूर तुटला होता.

एलोदी: आई.

फिलोमेन: ये. बोलू नकोस, गळा झाकून घे आधी.

एलोदी: माझ्याबरोबर गात होते गं सगळे. मला वाटलं, झालं.

फिलोमेन: त्या जागेला ते कुणाहीबरोबर गातील.

एलोदी: आता कुठं जाऊ मी?

फिलोमेन: आज घरी. चुलीवर सूप ठेवून आलेय.

एलोदी: तू वर गॅलरीत असतीस तर, आई?

फिलोमेन: मेलानी, तिचे बूट दे इकडे.

एलोदी: आई, तू वर असतीस तर?

फिलोमेन: ही किल्ली धर. दार तू उघड. आज माझ्या हाताला कुलूप सापडायचं नाही.