पाच पायऱ्या

(रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी अस्लमची पर्यटनवाडी. भर दुपार. चाकांच्या खुर्चीत दामोदर मास्तर, शेजारी त्यांची बायको श्यामला. अस्लम हा मास्तरांचा पेणच्या शाळेपासूनचा दोस्त, फरझाना त्याची बायको.)

दामोदर : तू आणि ड्रायव्हरनं आत्ता मला कुठून उचलून खाली आणलंत, ते सांग.

अस्लम : मास्तर, आधी सरबत घे. फरझानानं मुद्दाम तुझ्यासाठी...

दामोदर : किती पायऱ्या, अस्लम?

अस्लम : पाच.

दामोदर : इथे उतार होता. फूटभर उंचीला बारा फूट लांबी. दोरी लावून मी आखून दिला होता. सिमेंट वाळल्यावर मी स्वतः तळव्यांनी चाकं ढकलत नदीपर्यंत गेलो. अर्धांगवायूनंतर पहिल्यांदा, कुणाचा हात न लागता.

अस्लम : आठवतंय ना. रडलास तू. मीपण रडलो.

दामोदर : मग फोडलास कशाला?

अस्लम : लग्नवाले आले होते. स्टेज इथंच पाहिजे, नदी मागं दिसली पाहिजे. उतार मधेच येत होता. म्हटलं, पुढच्या हंगामात परत बांधू. तुला कशाला उगाच त्रास?

दामोदर : मला त्रास नको म्हणून कळवलं नाहीस. जाहिरात मात्र तशीच ठेवलीस. नदीकाठी मी हसतोय आणि खाली लिहिलंय, 'दामोदर मास्तरांनी स्वतः तपासलेली जागा'.

अस्लम : ती काढायची राहून गेली रे.

दामोदर : ती वाचून, माझ्या फोनवर विश्वास ठेवून जोहे गावच्या काशीबाई आल्या. जन्मभर गणपतींचे डोळे रंगवले त्यांनी. आता गुडघे साथ देत नाहीत. काल फोन आला त्यांचा. दोन दिवस पाणी प्यायल्या नाहीत इथे. का, माहीत आहे?

अस्लम : तक्रार नाय केली त्यांनी.

दामोदर : संडासाच्या दारातला उतारसुद्धा काढलास. लेकीनं किती वेळा उचलायचं, म्हणून घसा कोरडा ठेवून बसल्या. आणि वर मला म्हणतात, मास्तर, जागा छान आहे हो. लाज वाटली मला.

अस्लम : माझी माणसं उचलायला तयार होती. माणसाला माणूस धरतो, त्यात कमीपणा काय?

दामोदर : उचलूनच घ्यायचं असतं तर त्या घराबाहेर कशाला पडल्या असत्या?

अस्लम : व्हय, चुकलो. पण वर्षाला असं गिऱ्हाईक येतं किती? पाच-सात. तू एवढं मनाला लावून घेतोयस, वहिनींनी तर समजून...

दामोदर : वहिनींनी काय?

अस्लम : काय नाय.

दामोदर : श्यामला?

श्यामला : मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर फरझानाभाभींनी सांगितलं.

दामोदर : दिवाळीनंतर! सहा महिने झाले.

श्यामला : अहो, तुम्ही रोज सकाळी लोकांना फोन करायला बसत होता. 'रोह्याला या, कुणाच्या उपकाराशिवाय नदी बघा.' आजारपणानंतर तुमचा आवाज पहिल्यांदा पूर्वीसारखा झाला होता. कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?

दामोदर : माझी बोटं वळत नाहीत म्हणून नंबर तू लावून द्यायचीस. काशीबाईंचाही?

श्यामला : हो.

दामोदर : आणि मी बोलत असताना शेजारी बसून ऐकायचीस.

श्यामला : कितीदा वाटलं, आता सांगावं.

दामोदर : अस्लमचा राग येतोय, श्यामला. तुझा तर रागही करता येत नाहीये मला. नुसतं आतून रितं वाटतंय.

अस्लम : मास्तर, रविवारी तू बोलावलेले आठ जण येणार हायत. मी फळ्या टाकून घेतो, खुदाशप्पथ. उद्याच माणूस लावतो.

दामोदर : रविवारी कुणी येणार नाही. खोटं बोललो, असं एकेकाला मीच सांगेन. चल, श्यामला.

श्यामला : ड्रायव्हर इथंच गावात बहिणीकडे जेवायला गेलाय. गाडीची किल्ली आहे माझ्याकडे, पण गाडी वर आहे. तो येईपर्यंत जरा सावलीत...

दामोदर : इथे एक मिनिटही बसायचं नाही मला.

श्यामला : मग वर जाणार कसे?

अस्लम : मास्तर... मी हाय ना.



दामोदर : मागून तू धर, अस्लम. पुढून श्यामला धरेल.