पाचशे तीसवरून सहा

किडनीच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. मी पुस्तकात डोकं घातलं होतं, तरी शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू आलं; कदाचित मी उठून जायला हवं होतं. त्याची बहीण नुकतीच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली होती.

“काय म्हणाले, ताई? तुझी किडनी नको ना आता?”

“गोळ्या कधी बंद केल्यास?”

“नवा रिपोर्ट आला तेव्हा. क्रिएटिनिन पाचशे तीसवरून सहावर आलं, मग कशाला घ्यायच्या?”

“अरे, दोन्ही लॅबची मापं वेगळी आहेत. जुनी मायक्रोमोलमध्ये मोजते, नवी मिलिग्रॅममध्ये.”

“म्हणजे?”

“तुझे सहा म्हणजे जुन्या लॅबचे पाचशे तीसच. काही उतरलं नव्हतं.”

“आणि आजचे?”

“नऊ.”

“नऊ म्हणजे?”

“आठशेच्या आसपास. डायलिसिस लगेच सुरू करायचंय.”

“आणि मी तुला ऐटीत म्हटलं, तुझी किडनी तुलाच लखलाभ.”

“म्हणालास खरा. त्या रात्री मला किती दिवसांनी झोप लागली.”

“ताई, मग आता तू...”

“आधी आत चल. डॉक्टर खोळंबलेत.”