शाल, श्रीफळ आणि घासलेला कॅमशाफ्ट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्या आदरणीय प्रेमलताताई. प्रमुख पाहुणे आणि संत्रा बागायतदार भैय्याजी. सत्कारमूर्ती, आम्हा सर्वांचे गुरुजी सुधाकर सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या, आणि परवापासून माझ्याशी न बोलणाऱ्या कमलकाकू. तसंच पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत आपापल्या गॅरेजला कुलूप लावून आलेल्या माझ्या मिस्त्री बंधू-भगिनींनो, सर्वांना सप्रेम जय भीम, नमस्कार!

मी हेमराज. सौंसरच्या बसस्टँडमागं माझं गॅरेज आहे. भाषण लिहून आणलं होतं, पण कागदावर ग्रीसचा अंगठा उमटला, त्यामुळं मधल्या चार ओळी गेल्या. बरंच झालं म्हणा, त्यात सूर्य-चंद्र होते. आज मला इतका आनंद होऊन राहिला की सूर्य-चंद्र सांभाळणं जमलं नसतं.

सरांनी बत्तीस वर्षं आम्हाला इंजिन शिकवलं. पहिला धडा कोणता होता? हत्यारांची नावं? नाही. पहिला धडा, गप बसा! वर्कशॉपात कोणी नुसती शिट्टी वाजवली तरी सर त्याला दाराबाहेर उभं करत. मग सर आपला लांब स्क्रूड्रायव्हर काढायचे, टोक इंजिनवर, लाकडी मूठ कानाला. "ते बोलून राहिलं न बाप्पा, तुम्ही काऊन बोलता?" बत्तीस वर्षं इतरांच्या गाड्या ऐकल्या, आणि स्वतः मात्र सायकलवर आले.

काकूंचं माहेर घाटावर. लग्नात सरांनी शब्द दिला होता, तुला माहेरी आपल्या गाडीत नेईन. हे आम्हाला कसं माहीत? सरांचा डबा आणला की दरवर्षी नव्या मुलांना काकूच सांगत. म्हणून आम्ही चाळीस विद्यार्थ्यांनी ठरवलं, निवृत्तीच्या निरोपाला सरांना गाडी द्यायची. जुनी, पण चांगली. कार्बोरेटरवाली, सरांच्या हाताला ओळखीची.

आता खरं सांगतो. अध्यक्ष महोदया, हे टिपणात लिहू नका.

गाडी पाहायला आम्ही अकरा जण गेलो. राहुलनं सीटा पाहिल्या. संदीपनं रंगावरून हात फिरवला. पल्लवीनं टायर पाहिले, तेवढे बरोबर पाहिले. आणि मी? मी गाणी लावली! गाडी घेऊनच निघालो. पांढुर्णा ते सौंसर सपाट रस्ता, गाडी मस्त धावून राहिली, आणि आतले सहा आणि मागून मोटारसायकलवर येणारे पाच असे अकरा मिस्त्री कोरसमध्ये गाऊन राहिले. इंजिन कोणी ऐकलं? प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं ऐकलंच असेल. सर, तुम्ही हसू नका, मला पुढचं सांगणं जड जातं.

परवा सकाळी काकूंना गुपचूप गाडी दाखवायला नेलं. म्हटलं, रंग पसंत करतील, हळदी रंगाचं कव्हर टाकू. काकू आत बसल्या. मी थंड गाडी सुरू केली. काकूंनी मान तिरपी केली आणि म्हणाल्या, "हेमराज, वरून टकटक येऊन राहिली न रे."

मी म्हटलं, "काकूजी, जुनी गाडी आहे, थोडं चालते."

"थोडं नाही चालत. गॅप पाह्य."

पाहिली. झाकण उघडून व्हॉल्व्हवरच्या टॅपेटची गॅप बरोबर बसवली, तरी टकटक तशीच. काकू म्हणाल्या, "मंग झाकण पुन्हा काढ. गॅपचा दोष नसंल तं व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा उंचवटा घासला असंल. जेवताना तेच तं सांगतात रोज. अन् त्याच शाफ्टवर पेट्रोल ओढणारा पंप चालते ना? त्याची दांडीबी पाह्य."

पुन्हा झाकण काढलं. इंजिन हातानं फिरवलं. व्हॉल्व्ह दाबणारा एक रॉकर इतरांपेक्षा अर्धाच उचलून राहिला होता! पंप काढला, त्याची दांडी घासलेली, तिला ढकलणारा उंचवटाही गुळगुळीत. आधीच्या मालकानं ऑईल बदललंच नसावं. सपाटीवर पेट्रोल कसंबसं पुरलं असतं. घाटात दुसऱ्या वळणावर गाडी बसली असती, आणि काकूंना माहेरी ट्रॅक्टरमागं बांधून जावं लागलं असतं. चाळीस प्रमाणपत्रं एकीकडं, आणि वरण वाढता वाढता शिकलेल्या काकू एकीकडं!

त्या उतरल्या. म्हणाल्या, "त्यांना सांगत नाही. पण ह्या गाडीत मी बसत नाही." आणि परवापासून माझ्याशी अबोला.

दोन दिवस आम्ही गाडीवर भिडलो. शाफ्ट नवा, पंप नवा, ऑईल नवं. म्हणून सर, ताटात शाल आणि श्रीफळाच्या शेजारी जे काळं लोखंड दिसून राहिलं, तो जुना शाफ्ट आहे. तो तुमचा नाही. तो पुढच्या मुलांसाठी वर्कशॉपात टांगायचा, खाली आम्हा अकरा जणांची नावं लिहून. शाल मात्र, तुमची हरकत नसेल तर, आम्हाला काकूंना द्यायची आहे. बघा, सरच उठले द्यायला!

पण काकू गाडीत बसतात का? माझा जीव तिथंच अडकला. पायरीपाशी पल्लवी गाडी सुरू करून उभी आहे. ताई, पंखे बंद करता? भैय्याजी, मोबाईल. सरांनी आपला स्क्रूड्रायव्हर काकूंच्या हातात दिला. काकू खाली उतरल्या, टोक इंजिनवर, मूठ कानाला. आता गप बसा सारे.

...

काकू?

"अहो, चला. भाऊ जेवणासाठी थांबला असंल."

ऐकलंत? बसल्या! पुढच्या सीटवर बसल्या, आणि जाता जाता मला म्हणाल्या, "गाणी लावू नका म्हण यांना." बोलल्या माझ्याशी!

अध्यक्ष, पाहुणे आणि सर्व मंडळींचे मनापासून आभार. बोलण्यात कुठं खडखड झाली असेल तर लेकरू समजून पदरात घ्या. सरांनी पहिला गिअर टाकला, म्हणून एकच विनंती, दारातून सरका, घाट चढायचा आहे.