बाबांच्या मंडळाची सीडी

फोनमध्ये गाणी असताना सीडी प्लेअर कशाला, असं विचारताय ना? मग ऐका. बाबांनी आईला जन्मात नावानं हाक मारली नाही. त्यांच्या भजनी मंडळाची एकच सीडी उरली होती, तिच्यात मात्र गाण्यांआधी ते म्हणाले होते, "ही सेवा सुमनच्या नावानं." बाबा गेले. शिक्षण संपवून गावी, कुरवंड्याला परतताना मी आईसाठी चांगला प्लेअर आणला. मोठ्या भावाला विचारलं, "दादा, सीडी कुठंय?"

"भाताच्या शेतात टांगलीया, पाखरं हाकलाया. गाणी घेतली की फोनमधी."

"आणि बाबांचं बोलणं?"

"ते कुटं गाणं व्हतं?"

ऊन-पाऊस खाल्लेली सीडी प्लेअरनं घेतलीच नाही. आई उठून आत गेली.

दादा मागून ओरडला, "आये, फोनवर लावू का? गाणी तीच हायती."