दोरीपलीकडची चूल

—ओरडू नका. आधी ते ओरडणं थांबवा, मग बोलू. पाटी वाचली मी, ‘दोरीच्या आत जाऊ नये, वस्तूंना हात लावू नये’—आणि ती आत चुलीपाशी उभी आहे ना, ती माझी नणंद, तिलाही वाचता येतं. तिनेच मोठ्यांदा वाचली आणि मग दोरी उचलून आत गेली. आता मी काय तिला पदराला बांधून फिरू? तुम्ही इथल्या राखणदार ना? गळ्यात बिल्ला आहे, म्हणजे असणारच. मग राखायचं होतं! आणि आवाज खाली घ्या, दचकली की हातातलं टाकते ती. तो कप तुमचा दीडशे वर्षांचा आहे म्हणता—मग हळू बोला, म्हणजे वाचेल.

हसताय कशाला? मेणाच्या बाईशी बोलतेय म्हणून? ऐकलं मीही. ‘सकाळपासून उभ्या आहात, टेका जरा, मी बघते चुलीचं’—असं म्हणाली ती त्या पुतळ्याला. मला पंचवीस वर्षांत एकदा म्हणाली असेल तर शपथ! मी लग्न होऊन आले तेव्हा ही नवरा वारल्यावर माहेरी परतलेली, आणि स्वयंपाकघर तिच्या मुठीत. मी काही रांधलं की घास तोंडात घोळवायची आणि विचारायची, ‘वहिनी, मीठ तुम्ही घातलंत, की हातून सांडलं?’ चार माणसांसमोर! मेणाची असते तर सुखात राहिले असते मी.

हौस? कसली हौस हो! आमचे हे, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, गाडी चालवतात आणि रस्त्याकडेला संग्रहालयाची पाटी दिसली की दाबला ब्रेक. दीपगृहाचं झालं, लोकरीच्या गिरणीचं झालं, एका ठिकाणी तर नुसती मासे धरायची जाळी टांगलेली, ती बघायला तिकीट. आणि ती तुमची माहिती केंद्रं—दारात पेंढा भरलेलं अस्वल, आत हिमनदीवरची फिल्म. सगळीकडे तेच! मला तर वाटतं एकच अस्वल आमच्या पुढे पुढे पाठवतात. तिला मात्र दर वेळी नवं. ‘केवढं हो मोठं, वहिनी!’ म्हणते आणि माझा दंड धरते. दर वेळी तेवढीच घाबरते. हे बघा, वळ उठलेत. आणि ह्यांचं काय—ह्यांना पोचायचंच नाहीये, म्हणून हे दर्शन चाललंय दारोदार.

कुठे म्हणजे? पुढे. अजून तासभर वर गेलं की—आहे एक ठिकाण. बाग आहे, खिडकीतून तळं दिसतं, फोटो पाठवलेत त्यांनी. तुम्हाला कशाला हव्यात चौकशा? बरं, वृद्धाश्रम म्हणा, झालं समाधान? विसरणाऱ्या माणसांना सगळे घेत नाहीत, आमच्या जवळपास तर कुणीच नाही. तिथे वर एक खाट रिकामी झाली. आज पाचच्या आत तिला घेऊन हजर झालो नाही, तर ती दुसऱ्याला. तिला सांगितलंय सहल आहे.

तसं बघू नका माझ्याकडे. तुमच्या घरात पेटला होता का पडदा? दूध तापत ठेवून ही बाई बाहेर पायरीवर जाऊन बसली, उन्हात, केस विंचरत! मी बाजारातून वेळेवर आले नसते तर—जाऊ दे. हे म्हणाले, ‘ताई आहे, सांभाळू.’ सांभाळू म्हणजे कोण? हे दिवसभर कामावर, घरी कोण? मीच ना? मग मीच म्हणाले, एक तर त्या जातील, नाहीतर मी. हो, म्हणाले मी! तेव्हापासून गॅसची बटणं काढून ठेवते, रात्री उशीखाली घेऊन झोपते. सकाळी ती येते, ओट्याशी उभी राहते, बटणांच्या रिकाम्या जागी बोट फिरवते—आणि मला काही विचारत नाही. एवढी तोंडाळ बाई, पण विचारत नाही. बघते माझ्याकडे आणि जाऊन बसते बाहेर. कधी एकदा विचारेल आणि मी कडाडून भांडेन, म्हणून वाट बघते मी—तर नाही!

हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? तुम्ही कोण माझ्या?

फोन ठेवा. ठेवा तो! माणसं बोलावून ओढून काढणार तिला? हात तर लावून बघा, मी आहे इथे. काय बिघडलंय तुमचं? चुलीत विस्तव नाही, लाल कागदामागे दिवा आहे नुसता—तरी फुंकर घातली बघा. आणि तो पाव प्लास्टरचा ना? कापला जात नाही म्हणून सुरीला शिव्या देतेय. ऐका, ऐका—‘मेली, कामाच्या वेळी बोथट!’ हे मला म्हणायची ती. हे माझं होतं.

ताटल्या मांडल्या. चार? आम्ही तिघं आणि ती मेणाची. बघितलंत—आधी तिला वाढलं, मला शेवटी! आहे की नाही? एवढं सगळं विसरली, पण हे नाही विसरली!

हॉर्न ना, ऐकला मी. आमचेच आहेत. सकाळी मीच बजावलं होतं, हे शेवटचं संग्रहालय, यानंतर कुठे थांबलात तर मी उतरून चालू लागेन—म्हणून वाजवताहेत. इतके दिवस पाय निघत नव्हता आणि आता बायकोचं ऐकायचं सुचलंय. तुम्ही एक करा, बाहेर जा आणि त्यांना सांगा, उगाच वाजवू नका म्हणावं, ताईंचं वाढून व्हायचंय. खाट? गेली तर गेली. सांगा तसंच, वहिनी म्हणाल्या म्हणून—नाही, तुमची बायको म्हणाली म्हणून सांगा. चिडले तर आत या म्हणावं, ताट मांडलंय.

आले हो वन्सं, आले, हात तरी धुऊ द्याल! —तुम्ही अजून इथेच? जा म्हणते ना!