पेन्सिलची फुली

कुंडलिक: ...आन् सातवं कलम जरा ठळक अक्षरात टाका, मॅडम. सून घर सोडून गेली तर सोलापूर जिल्ह्यात कडक भाकरीचा धंदा करायचा न्हाय. शेंगाचटणीचा बी न्हाय.

ॲड. ऋतुजा: कुंडलिकराव, मी परवाच सांगितलं होतं. लग्नाआधी सुनेकडून असा करार लिहून घेतला, तरी कोर्टात तो टिकणं अवघड आहे.

कुंडलिक: कोर्टात कोण जातंय? घरात टिकला म्हंजे झालं. करमाळ्याच्या आमच्या आदिनाथचं बघा. सून वरसात माहेरी गेली आन् बरोबर त्याच्या दुकानासमोर दुकान टाकलं. तोच मसाला, तसंच पाकीट. त्यो आता सकाळी शटर वर करतो आन् तिची गर्दी बघत बसतो.

ॲड. ऋतुजा: तुमच्याकडचं लग्न कधी आहे?

कुंडलिक: येत्या रविवारी, मोहोळला. म्हणून तर आजच उरकायचंय. अंकिता चार वाजता येतीया सहीला. लई गुणाची पोरगी. मी म्हणलं, बाळ, राग तर न्हाय ना आला? तर म्हणती, "काका, आधी मालकांची सही होऊ द्या, मग मी करते." माझ्या आदी पेन उचलणार न्हाय. ह्याला म्हणतात वळण.

विजयमाला: अवो, पर मला कशाला आणलंय?

कुंडलिक: एक साक्षीदार लागतो. तुला काय वाचायचं-बिचायचं न्हाय. मी पेन्सिलनं फुली मारून देतो, तितं सही कर. नेहमीसारखी.

विजयमाला: वाचते की जरा. सातवी झालीया माझी... "सून रोज आठ तास भट्टीवर देखरेख करील. व्यवसायात तिचा कोणताही हक्क राहणार नाही." हे कुणी सांगितलं लिवायला?

कुंडलिक: मीच. फूड टेक्नॉलॉजी शिकलीया ती. त्याचा उपयोग नको व्हय करून घ्यायला? पाकिटात भाकरी सादळत होती, ते तिनंच बंद केलं की.

विजयमाला: आन् हक्क?

कुंडलिक: हक्क घरच्यांचा. ती बाहेरनं येणार.

विजयमाला: मी काय घरात उगवले होते व्हय? गिरणी बंद पडल्यावर तुमी भिंतीला टेकून बसला होता, तवा मंद्रूपच्या बाजारात पाटी घेऊन मी बसले. भाकरी माझ्या आईची, काशम्माची. तुमच्या घरात तर मऊ भाकरी बी धड हुत नव्हती.

कुंडलिक: ते झालं जुनं. मॅडम, तुमी खाली टाका: मालक, कुंडलिक ज्ञानबा टेळे.

ॲड. ऋतुजा: तिथंच अडलंय. तुम्ही दिलेली फाईल काल चाळली. अन्न परवाना, बँकेचं कर्ज, उद्योगाची नोंदणी. तुमचं नाव कुठेच नाही.

कुंडलिक: नसू दे की. महिलांची योजना होती, व्याज कमी पडत होतं, म्हणून हिच्या नावानं केलं. नुसतं कागदावर हाय ते.

ॲड. ऋतुजा: हा करारसुद्धा नुसता कागदच आहे, कुंडलिकराव. त्यावर मालक म्हणून सही विजयमालाताईंची लागेल.

कुंडलिक: तिला तर ठाऊक बी न्हाय.

विजयमाला: ठाऊक हाय. महिना झाला.

कुंडलिक: कुणी सांगितलं?

विजयमाला: अंकितानं. पाकिटावरचा परवान्याचा नंबर मोबाइलमधी टाकून बघितला तिनं. मला म्हणली, "काकू, मालक तुम्ही आहात." मी म्हणलं, पोरी, चेष्टा करू नगंस. मग तिनं नाव दाखवलं. दोनदा वाचलं मी.

कुंडलिक: म्हंजे, ती मालकांची सही मालकांची सही करत होती, ते...

विजयमाला: वळण हाय तिला. तुमीच म्हणला.

कुंडलिक: आन् तू महिनाभर गप बसलीस?

विजयमाला: तुमी बारा वरसं बसला. मला वाटलं, आज न्हाय उद्या सांगाल. आत्ता येताना गाडीत बी वाट बघितली. नाव कुणाचं हाय त्याचं मला काय न्हाय. पर बारा वरसं माझ्या फुडं फुली मारून कागद ठेवला आन् एकदा बी सांगावंसं वाटलं न्हाय, ह्याचं लई वाईट वाटलं.

कुंडलिक: त्यात सांगायचं काय? घरातल्या घरात कशाला कागद बघायचे?

विजयमाला: मग सुनंकडनं का लिवून घेताय? ती बी रविवारपास्नं घरातलीच की.

ॲड. ऋतुजा: पाणी देऊ का, कुंडलिकराव?

कुंडलिक: नगं.

विजयमाला: मॅडम, ह्यो कागद राहू द्या. कोर्टात टिकंल असा कुठला असतो?

ॲड. ऋतुजा: भागीदारीचा टिकतो.

विजयमाला: मग त्यो करा. माझं आन् अंकिताचं नाव. बारा आणे माझे, चार आणे तिचे. काम बघून फुडं वाढवू.

ॲड. ऋतुजा: अंकिताला विचारलंय?

विजयमाला: येतीया की चारला. नीट वाचू दे, नगं वाटलं तर सही करणार न्हाय. आन् ते सातवं कलम ह्यात घालू नगा. गेलीच तर जाईल भाकरी घेऊन. मी बी माहेरची घेऊनच आले होते.

कुंडलिक: अगं, आन् अजिंक्य? पोटचा पोरगा हाय.

विजयमाला: त्याला भट्टीच्या दारातच घाम फुटतो. ती नवरा म्हणून घेतीया त्याला, तेवढं त्याला लई झालं.

कुंडलिक: मग मी कोण?

ॲड. ऋतुजा: साक्षीदाराची जागा अजून रिकामी आहे.

(अर्ध्या तासानं. टेबलावर नवा कागद आहे. खाली अंकिताची स्कूटर थांबल्याचा आवाज येतो.)

कुंडलिक: आण हिकडं. पोरीफुडं तमाशा नगं. फुली कुटं मारलीस?

विजयमाला: न्हाय मारली.

कुंडलिक: मग मला कसं कळायचं सही कुटं करायची? चष्मा घरी राहिलाय माझा.

विजयमाला: ह्यो माझा घ्या. आदी सगळं वाचा. मला घाई न्हाय.