रजेच्या अर्जातलं नातं

परभणीच्या दवाखान्यात निकिता रिपोर्टची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा भाऊ बोलत होते. म्हातारीचा नवरा सकाळीच गेला होता.

"अक्का, विरेशचा फोन आला. रजा मिळत न्हाई त्याला."

"तिकडं परदेशात मयतीला बी सोडत न्हाईत का?"

"सोडतेत. पण आई, बाप, बायको नाहीतर लेकरू गेलं तरच. चुलत्यासाठी न्हाई, असा नियम हाय."

"दोन वर्साचा हुता, तवापासून आमीच वाढवलं की त्याला."

"म्हणून तर त्यानं अर्जात बाप गेला असंच लिहिलं. सायब म्हणला, तुझा बाप तर भरतीच्या फॉर्मवरच मयत हाय. खोटं कशाला लिहितोस?"

"मग?"

"रडायलाय. माती उद्या द्या म्हणतोय, अजून एकदा विचारून बघतो."

निकिताचं नाव पुकारलं, तरी तिला उठवेना.

"न्हाई, कल्याण. आजच उरकू. लेकराला उगं आशेवर ठेवायला नको."

"काय सांगू त्याला?"

"सांग, काकू म्हणली, तू अर्जात खोटं लिहिलं न्हाईस."